चिंचेनं घासलेला ओबेलिस्क

आमच्या घरात माणसांपेक्षा दगडांना जास्त मान होता. टोकियोजवळच्या इचिकावातलं ते तिसऱ्या मजल्यावरचं घर म्हणजे दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालण्यापुरती बाल्कनी. दारातल्या बुटांच्या कपाटात खालच्या दोन फळ्यांवर आमचे बूट असायचे आणि वरच्या तीन फळ्यांवर बाबांचे दगड, प्रत्येकाखाली कागदाची घडी आणि तिच्यावर बारीक अक्षरात नाव. बाबा एका संशोधन संस्थेत खडकांवर काम करत. पुण्याहून दोन वर्षांसाठी म्हणून आले आणि राहिले ते राहिलेच. कामावरून येताना लोक फळं आणतात, भाजी आणतात. बाबांच्या पिशवीतून दगड निघायचा. आई म्हणायची, "अहो, भूकंपाच्या देशात डोक्यावरच्या फळीत दगड ठेवणारे तुम्ही एकटेच असाल." बाबा शांतपणे सांगायचे, "वरच्या फळीत हलके ठेवलेत."

आईचा स्वयंपाक म्हणजे रोजची तडजोड. ज्वारीचं पीठ मिळायचं नाही, म्हणून ती इथल्या सोब्याच्या, म्हणजे कुट्टूच्या, पिठाची भाकरी थापायची. ती तव्यावरून काढताना हमखास मोडायची आणि मोडलेली माझ्या ताटात यायची. कोकम संपलं की आमटीत उमेबोशी पडायचं, इथलं खारवलेलं आंबट फळ. आज माझ्या स्वतःच्या घरात पाहिजे तेवढं कोकम आहे, तरी मी आमटीत उमेबोशीच घालते आणि माझा भाचा तोंड वाकडं करून जपानीत काहीतरी पुटपुटतो. चिंच मात्र पुण्याहून कुणी आलं तरच यायची. आई ती बरणीत दाबून ठेवायची आणि लिंबाएवढा गोळा काढायची, अर्धा आमटीला, अर्धा शनिवारी देवाची भांडी घासायला. समई, ताम्हन, निरांजन चिंचेनं चोळून पाण्याखाली धरलं की मिनिटात उजळायचं. ते बघायला मला फार आवडायचं. मी लहानपणापासून असं धरून चालले होते की कुठल्याही जुन्या वस्तूवर चिंच चोळली की ती नवी होते.

आमच्या कुकरच्या शिट्ट्यांमुळे खालच्या मजल्यावरच्या मोरिता-सान, म्हणजे मोरिताबाई, आमच्या आयुष्यात आल्या. एकट्या राहायच्या, सत्तरीच्या पुढच्या. नवरा जहाजावर इंजिनियर होता, तो गेल्याला बरीच वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी त्या गॅस फुटतोय समजून धापा टाकत वर आल्या. आईनं त्यांना आत बसवून वरणभात खाऊ घातला. दुसऱ्या दिवशी त्या एका निळ्या डब्यात कोंड्यात मुरवलेल्या काकड्या आणि मुळे घेऊन आल्या. आता रिकामं भांडं परत करायचं नाही हा आमचा रिवाज, आणि घेतलेल्याची परतफेड केल्याशिवाय राहायचं नाही हा त्यांचा. त्यामुळे तो निळा डबा जिन्यावरून जो वरखाली सुरू झाला तो त्या असेपर्यंत थांबला नाही. आईचं लिंबाचं लोणचं त्या भाताबरोबर सुईच्या टोकाएवढं खायच्या आणि डोळे पुसत म्हणायच्या, "छान आहे."

आता माझ्या रागाबद्दल, कारण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी सोळाव्या वर्षी इथे आले, इथल्या शाळेत धडपडले, आणि शाळा संपल्यावर पुढे शिकणार नाही असं जाहीर केलं. बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर मीही ओरडले असते आणि विषय संपला असता. ते फक्त माझ्याशी आपल्या कामाबद्दल बोलायचं थांबले. रविवारी इमारतीतली चार पोरं आमच्याकडे यायची, बाबा त्यांना भिंगातून अभ्रक दाखवायचे, दगड हातात देऊन "वजन सांग" म्हणायचे. मी तिथेच बाजूला कपड्यांच्या घड्या घालत असायचे. मला एकदाही त्यांनी हातात दगड दिला नाही. माझं वय आता साठीला टेकलंय, दुकान माझ्या नावावर आहे, कुणाचं एक पैशाचं देणं नाही. पण हे मी विसरलेले नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही.

भाव करणं मला कुणी शिकवलं नाही. मंडईत आईच्या पदराला धरून उभी राहायचे तेव्हापासून ते अंगातच आहे. जपानात भाव करत नाहीत असं मला सगळ्यांनी सांगितलं. कुसुमोतो-सानच्या दुकानात मी जे केलं ते म्हणूनच त्यांच्या लक्षात राहिलं. टोकियोतल्या कोतोमध्ये कालव्याजवळ त्यांचं युरोपातल्या जुन्या वस्तूंचं दुकान होतं. आईसाठी एक पितळी मेणबत्तीदान मला आवडलं. किंमत ऐकून मी ते उलटं केलं आणि बुडाची चीर दाखवली. मग डाग देऊन जोडलेला सांधा दाखवला. मग सांगितलं की हे जोडीतलं एकच आहे, एकट्याला कोण विचारतो? ते ऐकून घेत होते. शेवटी त्यांनी मला पाहिजे त्या भावात ते दिलं आणि म्हणाले, "तुम्ही फार उद्धट आहात. शनिवारपासून कामाला या."

ते काम म्हणजे बायतो, तासावरची नोकरी. वर्षभर मी फक्त धूळ पुसली. पण मला ओढ लागली होती ती व्यापाऱ्यांच्या बाजाराची. महिन्यातून एकदा कुसुमोतो-सान मला सामान उचलायला तिकडे न्यायचे. चटया अंथरलेला एक मोठा हॉल, चारी बाजूंनी उशांवर बसलेले व्यापारी, मधे बोली चालवणारा. वस्तू मधे आली की ज्याची त्यानं आधी तिच्यातला दोष स्वतः सांगायचा. मग प्रत्येकजण लाकडी लाखेच्या वाडग्यात आतून आपली किंमत लिहायचा आणि वाडगा पालथा करून मधे सरकवायचा. सपकन आवाज व्हायचा. बोली चालवणारा एकेक उचलून बघायचा आणि सगळ्यांत मोठा आकडा तेवढा मोठ्यानं सांगायचा. बाकीच्यांचे आकडे त्याच्या पोटात राहायचे. घासाघीस नाही, दुसरी संधी नाही. माझ्यासारखीला ते भयंकर वाटायला हवं होतं, पण मला त्या वाडग्यासाठी हात शिवशिवायचे. मी मागे लागले तेव्हा कुसुमोतो-सान म्हणाले, "एक वस्तू आणा. तुमच्या डोळ्यांनी शोधलेली, तुमच्या जिभेनं घेतलेली. मग माझ्याशेजारी उशी टाकेन. नाही आणलीत तर फडकं आहेच."

ती वस्तू आमच्याच इमारतीत होती. एका दुपारी मी डबा परत द्यायला खाली गेले, तर मोरिता-सान गाद्यांचं कपाट आवरत होत्या आणि जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड त्यांना ओढवत नव्हतं. मी सोडून बघितलं. लाल संगमरवराचे दोन ओबेलिस्क, गुडघ्याएवढे उंच, चौकोनी, वर निमुळते होत टोकाला आलेले; खाली पिवळ्या आणि काळ्या दगडाची बैठक आणि चारी बाजूंना कोरलेली इजिप्तची चित्रलिपी, पक्षी, डोळे, साप. दुकानातल्या पुस्तकांत मी हे पाहिलं होतं. इजिप्तमधले अवाढव्य खांब रोमच्या बादशहांनी जहाजांवर घालून आपल्या शहरात नेले, पुढे ते पडले, गाडले गेले, आणि पोपांनी ते उकरून चौकाचौकात पुन्हा उभे केले. त्यातला एक तर दगडी हत्तीच्या पाठीवर आहे. आईला ते चित्र दाखवलं तेव्हा ती म्हणाली होती, "हत्तीला अंबारी घालायची सोडून खांब कशाला?" मग युरोपातले श्रीमंत लोक इटली बघायला यायला लागले आणि रोममधले कारागीर त्यांना घरी न्यायला त्या खांबांच्या छोट्या प्रती करून विकायला लागले. त्यातलीच ही जोडी. मोरिता-सानच्या नवऱ्याला ती कुठल्याशा इटालियन बंदरात एका म्हाताऱ्यानं विकली होती.

"मग कपाटात का?" मी विचारलं.

"माझ्या दिराचं थडगं अगदी असंच आहे," त्या म्हणाल्या. "युद्धात गेलेल्या शिपायांची असतात ना, वर टोक असलेली. सासूबाईंनी बघितलं आणि रडायलाच लागल्या. तेव्हापासून आत आहेत."

इथे एखाद्या भल्या मुलीनं त्यांना सांगितलं असतं की ही मौल्यवान वस्तू आहे. मी म्हणाले, "खरंच थडग्यासारखेच दिसतात. कोण घेणार हो हे? आणि याचं टोक उडालंय. केवढे काळवंडलेत." मी प्रत्येक वाक्याला एकेक पायरी खाली उतरत गेले आणि त्या मान हलवत गेल्या. शेवटी आईच्या महिन्याच्या भाजीला लागतात तेवढ्या पैशात आणि लोणच्याच्या एका मोठ्या बरणीत सौदा झाला. वर त्यांनी मला वाकून धन्यवाद दिले, घरातली अडगळ गेली म्हणून. मी जिना चढताना गात होते.

काळवंडलेले तर ते होतेच. आई देवळात, म्हणजे कुणा मराठी कुटुंबाच्या बैठकीच्या खोलीत भजनाला गेली होती. मी बरणीतली होती नव्हती तेवढी चिंच काढली, भिजवली आणि एका ओबेलिस्कच्या एका बाजूला चांगली जाड थापली. समईला आपण मिनिटभर ठेवतो. हा मोठा, म्हणून मी निवांत पोहे करून खाल्ले. मग धुतलं. लाल दगडाची ती बाजू विटेसारखी दिसत होती. वर फिक्कट, खरखरीत, मेलेली. बाकीच्या तीन बाजूंवर खिडकीचं प्रतिबिंब दिसत होतं, हिच्यावर काहीच दिसत नव्हतं. मी पुन्हा चिंच लावली. आणखी बिघडलं.

बाबा आले तेव्हा मी न्हाणीघरात बसून ती बाजू तेलानं चोळत होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली, खिशातून भिंग काढलं आणि ती बाजू निरखली.

"काय लावलंस?"

"चिंच."

"संगमरवर म्हणजे चुना, रेखा. आंबट लागलं की तो विरघळतो. आम्ही दगड ओळखायला त्याच्यावर आम्लाचा थेंब टाकतो, फसफसला की चुनखडी." मग त्यांचा चेहरा उजळला, आणि मला त्याचाच जास्त राग आला. "मजा बघ, रोममधल्या मूळ खांबावर घासली असतीस तर काहीही झालं नसतं. तो ग्रॅनाइट आहे."

"मग मी रोमला जाऊन घासायला हवी होती का?" मी ओरडले. "एवढी वर्षं घरात दगड आणताय! चार परक्या पोरांना सगळं शिकवलंत. मला एकदा तरी सांगितलंत का, हा कसा, तो कसा?"

"तुला त्यात रस असेल असं वाटलं नाही."

"मी बाजूला बसून घड्या घालत असायचे!"

तेवढ्यात आई आली, तिनं रिकामी बरणी बघितली आणि आमच्या दोघांपेक्षा मोठ्यानं ओरडली. "माझी चिंच! अख्खी?" त्या रात्रीच्या जेवणात आमटी नव्हती. पण बाबांनी मात्र जेवताना, कुणी न विचारता, ओबेलिस्कच्या बैठकीतला पिवळा दगड आफ्रिकेतला, लाल ग्रीसमधला, आणि दोन्ही बहुधा रोमच्या पडक्या इमारतींतून उचललेले असणार, हे सगळं सांगितलं. मी फुरंगटून ऐकत नसल्यासारखं केलं आणि शब्द न शब्द लक्षात ठेवला.

माझा बेत साधा होता. मेलेली बाजू भिंतीकडे करायची. ज्या बाजूंवर खिडकी दिसते त्या दाखवायच्या. दोन नग मला एकटीला उचलवत नव्हते म्हणून शनिवारी बाबा बरोबर आले. आम्ही दोघं कापडात बांधलेले ओबेलिस्क मांडीवर उभे धरून गाडीत बसलो. समोरच्या एका आजोबांनी त्या आकारांकडे बघितलं, उठून आम्हाला हात जोडले आणि डब्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. बाबांनीही गंभीरपणे हात जोडले. मला हसू आलं, पण मी त्यांच्याशी बोलत नव्हते, म्हणून खिडकीबाहेर बघून हसले.

दुकानात मी जोडी मांडली. कुसुमोतो-सान गुडघ्यावर बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि श्वास आत ओढला. वर्षभरात मी त्यांचा तो आवाज दोनदाच ऐकला होता. "कुठून आणली?" मी सांगितलं. "कशी घेतलीत?" तेही सांगितलं, थडग्यासकट, आणि जरा फुशारकीनंच. त्यांनी मान डोलावली. आणि माझे वडील, ज्यांना दोन वाक्यं धड जपानीत जोडता येत नव्हती, ते पुढे सरकले आणि म्हणाले, "माफ करा. मागची बाजू खराब झाली आहे. माझ्या मुलीनं केली. परवा."

मला वाटलं जमीन फाटली तर बरं. मी मराठीत म्हणाले, "बाबा, तुम्ही बाहेर थांबा." ते म्हणाले, "थांबतो," आणि तिथेच उभे राहिले.

कुसुमोतो-साननी ओबेलिस्क फिरवला. बोटानं ती बाजू चाचपली. "काय झालं हे तुम्हाला माहीत आहे का?" त्यांनी मला विचारलं. मी इतकी संतापले होते की दोन दिवसांपूर्वी जे ऐकलं ते सगळं एका दमात ओकले: चुना, आम्ल, ग्रीसची खाण, आफ्रिकेची खाण, पुन्हा घासून चकाकी येईल पण कोरीव पक्ष्यांच्या कडा बोथट होतील, म्हणून घासू नये, तसंच ठेवावं. शेवटचं वाक्य बाबांचं नव्हतं, माझं होतं. बाबा माझ्याकडे बघत होते.

"मी दोन मिनिटांत ती बाजू वळवून बघितलीच असती," कुसुमोतो-सान म्हणाले. "आणि त्याआधी कुणी सांगितलं नसतं, तर सोमवारपासून यायची गरज नव्हती. तुमच्या वडिलांनी तुम्हाला वाचवलं." मग उठता उठता म्हणाले, "पुढच्या बाजारात ही तुमची वस्तू. दोष तुम्ही स्वतः सांगायचा. आता जे बोललात तेच, जरा हळू."

आजही माझं म्हणणं आहे की मी त्यांना ती बाजू वळवू दिली नसती. मी चहा सांडला असता, काहीतरी केलं असतं. बाबांनी मधे पडायची गरज नव्हती. काही वर्षांपूर्वी मी रोमला जाऊन आले, मूळ खांबांखाली मान मोडेपर्यंत उभी राहिले, आणि तिथल्या एका पोराकडून प्लास्टिकचा ओबेलिस्क त्यानं सांगितलेल्याच्या पाव किमतीला घेतला. परत हॉटेलवर येऊन बाबांना फोन केला आणि पहिलं वाक्य हेच म्हणाले, की तुम्ही त्या दिवशी मधे पडायला नको होतं. ते म्हणाले, "अजून तेच का?" मी म्हटलं, "हो, अजून तेच."

बाजाराच्या दिवशी मी उभी राहिले. तीस-चाळीस पुरुष, उशा, सिगारेटींचा वास. दुसऱ्यांच्या वस्तूंतले दोष काढून मी इथवर आले होते. स्वतःच्या वस्तूतला दोष मोठ्यानं सांगायची वेळ पहिल्यांदा आली. मी मेलेली बाजू त्यांच्याकडे वळवली आणि म्हणाले, "ही बाजू मी बिघडवली. पितळ घासतात तशी आंबट फळानं घासली." कुणीतरी फस्सकन हसलं, मग सगळेच हसले, आणि त्या हसण्यात वाडगे सरकायला लागले. एक, चार, नऊ. बोली चालवणाऱ्यानं आकडा सांगितला तेव्हा मला तो पुन्हा विचारावा लागला. त्यातला निम्मा मी मोरिता-सानना दिला. बाबांनी सांगितलं म्हणून नाही. जिन्यात त्यांना बघून मान खाली घालायची मला सवय लावून घ्यायची नव्हती. त्यांनी त्यातून मोठा दूरदर्शन संच घेतला आणि आईला रोज संध्याकाळी सुमो बघायला बोलवायला लागल्या.

मी परत येऊन बसले तेव्हा कुसुमोतो-साननी शेजारची उशी थोपटली आणि माझ्यापुढे ब्रश आणि वाडगा ठेवला. मधे एक चपटी लाकडी पेटी आली होती. आत इटलीतल्या जुन्या दगडांचे नमुने, काड्यापेटीएवढे घासलेले चौकोन, प्रत्येकाखाली चिकटवलेली चिठ्ठी. हीही प्रवाशांनी नेलेलीच वस्तू. मी विचार केला नाही. आकडा लिहिला आणि वाडगा सरकवला. पण मी तो जोरात फेकला, तो मधे जाऊन उलटला आणि माझा आकडा सगळ्या हॉलला दिसला. दुसऱ्या सगळ्यांपेक्षा तो दुपटीनं मोठा होता. जन्मात पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा मी एखाद्या वस्तूला कुणी न मागता जास्त पैसे दिले. पेटी माझ्या मांडीवर आली तेव्हा कुसुमोतो-सान समोर बघत म्हणाले, "मनगट ढिलं ठेवायचं."

घरी आई भात वाढत होती. मी पेटी ताटांच्या मधे ठेवली आणि म्हटलं, "दुकानासाठी आहे." बाबांनी भिंग काढलं. आई म्हणाली, "आधी जेवा." ते जेवले नाहीत. एकेक चौकोन उचलून, वजन करून, खिडकीकडे धरून बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तुला फसवलं. यातल्या तीन दगडांची नावं चुकीची आहेत."

"कुठले तीन?"

त्यांनी ते तीन काढून माझ्या हातात दिले. मी त्यांच्या चिठ्ठ्या उजेडात धरल्या. दोन चिठ्ठ्यांखालचा डिंक नवा होता आणि एकीची तिरकी कापलेली कड दुसरीच्या दगडावर राहिलेल्या जुन्या डिंकाच्या खुणेशी बरोबर जुळत होती. असं काही वर्षभर धूळ पुसल्याशिवाय दिसत नाही. "चुकीच्या नाहीत," मी म्हणाले. "गळून पडल्या असणार आणि कुणीतरी लावताना अदलाबदल केली. ही इथली तिथे लावा आणि बघा." मग आम्ही भांडलो. बाबा म्हणाले, शक्य नाही. मी म्हणाले, लावून तर बघा. आई म्हणाली, भात दगड झालाय. बाबांनी चिठ्ठ्या बदलून ठेवल्या, भिंगातून एकदा हा, एकदा तो बघितला, आणि मग भिंग माझ्याकडे सरकवून म्हणाले, "दोन बरोबर आहेत. तिसरा मात्र चुकीचाच."

"एक चालेल," मी म्हणाले. तेवढ्यावर मी सौदा पक्का केला.